महाराज, हे तुमच्या खात्यात येत नाही

तहसील कचेरीत बारनिशीच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, आवक नंबर टाकायचा आणि तो कुठल्या शाखेचा ते बघून तिकडे धाडायचा. निवृत्त झाले तरी माणगाव-महाडकडची माणसं अजून ओटीवर येऊन बसतात, "ताई, एक अर्ज लिहून द्या." त्यातला एक प्रकार मला आता पहिल्या वाक्यावरूनच ओळखू येतो. मुलीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून महाराजांनी घर 'बंद' केलं, म्हणजे वाळीत टाकलं. हळदीला डीजे वाजवला म्हणून जमातीने निकाह पढायला माणूस दिला नाही. सून नोकरीला लागली, ते पंथाच्या मोठ्यांना खपलं नाही. नवराबायको वेगळे राहतात, तर त्याची चर्चा रविवारी प्रार्थनेनंतर अंगणात. धर्म बदलतो, मजकूर तोच राहतो.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. देव मानावा की मानू नये यात मला पडायचं नाही. मी स्वतः गुरुवार धरते.

आधी कागद कुठल्या शाखेचा ते ठरवा

माणसं रागात येतात आणि सगळं एकत्र सांगतात: महाराजांनी प्रसाद दिला नाही, प्रवचनात टोमणा मारला, दुकानदार सामान देत नाही, पाच हजार मागितले. या चार तक्रारी एका जागी जात नाहीत, आणि त्यांतल्या दोन तर कुठेच जात नाहीत.

धर्मगुरूने स्वतःच्या हाताने करायचा विधी करायला नकार दिला, तर बहुतेक वेळा तो त्याचा अधिकार आहे. कोर्टातून घटस्फोट घेतलेल्या कॅथलिक माणसाचं दुसरं लग्न फादर चर्चमध्ये लावणार नाहीत, कारण चर्चच्या न्यायालयाने पहिलं लग्न रद्दबातल ठरवलेलं नसतं. ते त्यांचं शास्त्र आहे. त्यावर भांडून तुमची वर्षं जातील. प्रवचनातला नाव न घेता मारलेला टोमणाही तसाच. ऐकून घ्या, वहीत लिहून ठेवा, पुढे चला.

पण तोच माणूस जेव्हा *दुसऱ्यांना* सांगतो की यांच्याकडे जाऊ नका, यांच्या मयताला खांदा देऊ नका, यांच्या मुलाला मुलगी देऊ नका, तेव्हा तो देवघरातून बाहेर आला. महाराष्ट्रात हा गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा आपला कायदा २०१६ चा, ३ जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोक याला 'जातपंचायतीचा कायदा' म्हणतात आणि त्यामुळे चुकीचा समज होतो की तो फक्त भटक्या जमातींच्या पंचांसाठी आहे. तसं नाही. त्यातली समाजाची व्याख्या जन्माने, धर्मांतराने किंवा धार्मिक विधीमुळे एका धर्माचे, पंथाचे झालेले लोक अशी आहे. महाराज, मौलाना, फादर, पंच, गावकी, कोणीही सुटत नाही. लग्न, मयत, प्रार्थनास्थळ, शाळा, स्मशान, अमुकच कपडे घालायची सक्ती, हे सगळं त्यात आहे.

मधली एक जागा मात्र निसरडी आहे आणि समोरच्या बाजूचा वकील तिथेच उभा राहील, म्हणून सांगते. मुंबई राज्याने १९४९ मध्येच समाजबहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी, सय्यदनांनी, तिला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला: धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग, असं म्हणून. सरन्यायाधीश सिन्हांचं मत वेगळं होतं. बोहरा सुधारकांनी १९८६ मध्ये पुन्हा दाद मागितली आणि १० फेब्रुवारी २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी प्रकरण नऊ जणांच्या पीठाकडे पाठवलं. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच, की अर्जात "आम्हाला पंथातून काढलं" यावर भर देऊ नका. पाणी, गिरणी, दुकान, स्मशान, शाळा, सोयरीक यांवर भर द्या. तिथे जमीन पक्की आहे.

पैसा मागितला, धमकी दिली, तर ती आणखी वेगळी शाखा. भारतीय न्याय संहितेत खंडणी कलम ३०८ आणि धमकी कलम ३५१. 'प्रायश्चित्ताची देणगी' असं नाव दिलं म्हणून खंडणीची देणगी होत नाही.

बोलावणं आलं की

बोलावणं नेहमी तोंडी येतं. कोणीतरी पोरगा सायकलवरून येतो, "रात्री देवळात बसायचंय, बाबांना पाठवा." यांचा सगळा कारभार तोंडावर चालतो, आणि त्यातच त्यांचं बळ आहे. उद्या कोणी विचारलं तर "आम्ही कुठे काय म्हणालो?" तुमचं काम एकच: प्रत्येक पायरीवर तोंडी गोष्टीचा कागद करायचा.

त्या पोराला म्हणा, कशासाठी बोलावलंय ते चिठ्ठीवर आणून दे. चिठ्ठी येणार नाही. मग तुम्हीच व्हॉट्सॲपवर, बोलावणाऱ्याच्या नंबरवर लिहा: "आज संध्याकाळी आपला निरोप मिळाला. विषय कळवावा. माझ्या मुलीच्या लग्नाचा विषय असेल तर ती सज्ञान आहे आणि त्यावर मला बैठकीत बोलायचं नाही." दोन निळ्या खुणा आल्या की स्क्रीनशॉट घ्या. झाला कागद.

जायचंच ठरलं तर एकट्याने जाऊ नका. बरोबर एक माणूस त्यांच्या पंथाबाहेरचा न्या, शाळेचे गुरुजी, निवृत्त पोस्टमन, कोणीही. परका माणूस बसला की आवाज आपोआप खाली येतात. बाईला एकटीला बोलावलं असेल, तेही रात्री, तर अजिबात जायचं नाही, आणि तेवढी एक गोष्टसुद्धा वहीत लिहायची. फोनवर रेकॉर्डिंग केलं तर मूळ फोन जपा. कापाकापी करू नका, फाइल इकडून तिकडे पाठवून मूळ पुसू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्या वेळी कुठल्या फोनवर केलं हे विचारतात.

घरी 'समजूत काढायला' येतात, ते याहून अवघड. आपल्याकडे दारात आलेल्याला बस म्हणावंच लागतं, आणि महाराज असले तर पाटही मांडावा लागतो. मांडा. चहा द्या. पण एक वाक्य आधीपासून तोंडपाठ असू द्या, कारण त्या वेळी सुचत नाही. मी लोकांना हे देते: "महाराज, पूजेचं बोलायला आला असाल तर मी ऐकते. घरातलं बोलायला आला असाल तर ते आमचं आम्ही बघू." एवढंच. पुढे कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की त्यावर प्रश्न येतो, प्रश्नाला उत्तर दिलं की सुनावणी सुरू झाली, आणि तुमच्याच ओटीवर तुम्ही आरोपी होऊन बसलात. मुलगी का गेली, सून रात्री किती वाजता येते, मूल का होत नाही, यातल्या कशालाही उत्तर नाही. सासूबाई मध्येच बोलून जातात, हे मी पाहिलंय. त्यांना आदल्या दिवशी समजावून ठेवा.

माफीनामा आणि दंड

स्टँप पेपरवर 'आमच्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही' असं लिहून घेतात. सही करू नका. त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही, पण गावात आहे: दर वर्षी उत्सवाच्या वेळी तो बाहेर निघतो. आणि तुम्ही कोर्टात गेलात तर समोरचा म्हणतो, यांनीच कबूल केलंय. आजूबाजूला पंधरा माणसं उभी असताना सही करावीच लागली, तर घरी आल्या आल्या, त्याच रात्री, पोलीस ठाण्याला अर्ज: दबावाखाली सही घेतली. दुसऱ्या आठवड्यात दिलेल्या अर्जाला तेवढं वजन राहत नाही.

पैशाचं साधं आहे. रोख द्यायचे नाहीत. "पावती द्या, त्यावर कशाबद्दल ते लिहा" म्हणा. संस्था नोंदणीकृत न्यास असेल (बहुतेक देवस्थानं, दर्गे, मठ १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली असतात, पुष्कळ वक्फच्या मिळकती वगळता) तर पैसे कुठल्या खात्यात गेले हे जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांना विचारता येतं. पोलिसाला न घाबरणारे विश्वस्त हिशेब तपासणीला घाबरतात, हा माझा कचेरीतला अनुभव.

वही

ज्या घरी मी हे आधी सांगू शकले त्यांचं पुढचं सगळं सोपं गेलं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

शाळेची दोनशे पानी वही घ्या. सुटे कागद नकोत, पान फाडायचं नाही. अशी नोंद निरुपयोगी आहे: "सगळे आमच्याशी वाईट वागतात, फार त्रास होतो." अशी नोंद कामाची:

"मंगळवार, सकाळी साडेसात. तांदळाचा डबा घेऊन गिरणीवर गेले. गिरणीवाल्यांनी डबा घेतला नाही. शब्द: 'वरून सांगितलंय वहिनी, मला अडचणीत आणू नका.' शेजारी खालच्या आळीची सुमन उभी होती. परत येताना तालुक्याच्या गिरणीवर दळून आणलं, रिक्षाचे ऐंशी रुपये."

बघा यात काय काय आहे. वेळ आहे, ठिकाण आहे, बोललेला शब्द जसाच्या तसा आहे, साक्षीदार आहे, नुकसानीचा आकडा आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'वरून सांगितलंय'. बहिष्कार एकेकाच्या मनाने नसून हुकमाने चाललाय, हे त्या दोन शब्दांत सिद्ध होतं. असे शब्द आले की खाली रेघ मारा.

आता त्या गिरणीवाल्याबद्दल. तुमचा सगळा राग त्याच्यावर निघणार, कारण तोंडावर नाही म्हणाला तो. पण बोललात तर दंड, हे त्यालाही सांगितलेलं असतं. अर्जात आरोपी म्हणून अख्ख्या वाडीची नावं लिहू नका. मी असे अर्ज पाहिलेत, चाळीस-पन्नास नावांची यादी, त्यात शेजारची म्हातारीसुद्धा. त्याने दोन गोष्टी होतात: पोलीस म्हणतात हा गावचा वाद आहे, आणि जे मनातून तुमच्या बाजूचे असतात तेही एकत्र बांधले जातात. हुकूम ज्यांनी दिला, ज्यांनी बैठक घेतली, ज्यांनी ओरडून सांगितला, तेवढेच आरोपी. गिरणीवाला, दूधवाला, सुमन हे साक्षीदार. आज घाबरलेत, पण पोलिसांनी वेगळं बसवून विचारलं की बोलतात. त्यांच्याशी तुम्ही अबोला धरू नका.

अर्ज

पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावाने. एक पान, फार तर दीड. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण. दुसऱ्यात हुकूम कोणी, कधी, कुठे, कोणासमोर दिला. तिसऱ्यात त्यानंतर काय काय बंद झालं, वहीतल्या तारखांसह. शेवटी मागणी: सामाजिक बहिष्कार कायद्याखाली गुन्हा नोंदवावा आणि संरक्षण द्यावं.

काय लिहायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. महाराज ढोंगी आहेत, दारू पितात, आमच्या धर्मातच हे असं आहे, यातलं एक अक्षर नको. धार्मिक भावना दुखावल्याची उलटी तक्रार, न्याय संहितेच्या कलम २९९ ची, तयारच असते, आणि तुम्ही ती स्वतःच्या अक्षरात लिहून द्याल. धर्माबद्दल अवाक्षर न काढता फक्त वागणुकीबद्दल लिहिलेला अर्ज वाचताना फौजदारालाही सोपं जातं. त्याच्याही घरी कुठला तरी फोटो भिंतीवर असतोच.

प्रती तहसीलदार, पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांना. असा हुकूम काढण्यासाठी बैठक भरणार असेल तर ती थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, म्हणून बैठकीची कुणकुण लागताच त्यांच्याकडे आधी जा. प्रत्येक ठिकाणी तुमच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्यायची. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नाही असं समजा. हे मी शिक्का मारणाऱ्या बाजूला बसून सांगते आहे. "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हणाले तर ठेवायचा नाही, सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवायचा, पावती वहीत चिकटवायची.

ठाण्यात बहुधा म्हणतील, गावात मिटवा. किंवा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून कागद हातात ठेवतील. बहिष्काराचा गुन्हा दखलपात्र आहे, त्याला एनसी चालत नाही. एफआयआर लागतो आणि त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळते. नाहीच घेतला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. बाईला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जातपंचायतीच्या प्रकरणांत वर्षानुवर्षं काम करतात, ठाण्यात तुमच्याबरोबर येऊन बसतात, पण तुम्ही भाविक असाल आणि त्यांचं नाव काढताच घरात वाद होणार असेल तर विधी सेवावाले बरे.

आणि हे आधीच मनाला सांगून ठेवा: गुन्हा जामीनपात्र आहे. आरोपी त्याच दिवशी घरी येतील, कदाचित हार घालून. ते हरल्याचं किंवा जिंकल्याचं लक्षण नाही. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाल लावायचा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कोर्ट कोर्ट असतं.

लग्न, मयत

यांचा धाक दोनच जागी बसतो: लग्न कोण लावणार, मेल्यावर खांदा कोण देणार. तेवढी सोय आधी करून ठेवली की अर्धी भीती जाते.

लग्नाला विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार. नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते, म्हणजे गावात कळणार हे धरून चाला. मुलाला-मुलीला जिवाची भीती असेल तर २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा पातळीवर सुरक्षित निवारा द्यायला सांगितलंय, त्याचा उल्लेख करून पोलीस अधीक्षकांना अर्ज करा. ज्यांना धर्माप्रमाणेच हवं त्यांनाही वाट आहे. काझींच्या १८८० च्या कायद्यातच लिहिलंय की निकाहाला काझी हजर असलाच पाहिजे असं नाही. दोन गावं पलीकडचा जाणकार माणूस पढवू शकतो. भटजीवाचून लग्नं तर आपल्याकडे सत्यशोधकांनी १८७३ पासून लावली आहेत.

मयताचं बोलायला कोणाला आवडत नाही. तरी घरात आजारी म्हातारं माणूस असेल तर आजच चार गोष्टी लिहून फ्रीजवर लावा: शववाहिकेचा नंबर, ग्रामसेवकाचा नंबर, येतील अशा सहा माणसांचे नंबर (आतेभाऊ, मुलाचे कंपनीतले मित्र, पंथाबाहेरचे), आणि लाकडं कुठून आणायची. अडवलं तर ११२. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत, त्याला कोणा महाराजांचा दाखला लागत नाही.

घरातली भाविक माणसं

महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी बहिष्काराचा ठराव केला. कर्वे पुण्यात. झळ लागली ती गावात राहिलेल्या आईला. अजूनही तसंच होतं: लग्न करणारी मुलगी पुण्या-मुंबईत, आणि इकडे आईला हळदीकुंकवाचं आमंत्रण बंद. त्याआधी दोन-तीनच वर्षं पुण्यात मिशनमध्ये चहा प्यायल्यावरून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून सुटता आलं नव्हतं. तेव्हा तुमची आई "जाऊ दे, नारळ देऊन टाकू" म्हणाली तर तिच्यावर ओरडू नका. तिला देऊळ हवंय, तिथली बसण्याची जागा हवीय, चाळीस वर्षांच्या मैत्रिणी हव्यात. तिला जाता येत असेल तर जाऊ द्या. फक्त तिच्या हातून पैसे आणि सही नको.

मिटवायची वेळ आली तर

येते. निवडणूक आली, उत्सव आला, जामीन झाला की मध्यस्थ येतो. मिटवण्यात काही कमीपणा नाही, पण गुन्हा दाखल झाला असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तो मिटत नाही, हे मध्यस्थाला पहिल्यांदा सांगा. मग अटी लेखी घ्या. दंड घेतला असेल तर बँकेतून परत. माफीनामा मूळ प्रत तुमच्या हातात, आणि तुमच्यासमोर फाडायचा नाही, तुम्ही घरी न्यायचा. व्हॉट्सॲप गटात परत घ्यायचं. आणि बहिष्कार ज्या जागेवरून पुकारला होता, देवळाच्या भोंग्यावरून असेल तर भोंग्यावरून, नमाजनंतर असेल तर नमाजनंतर, तिथूनच, तितक्याच गर्दीसमोर, तो उठवल्याचं सांगायचं. यावर सगळ्यात जास्त घासाघीस होते. पैसे लगेच परत मिळतात, पण "आता कशाला गाजावाजा, लोकांना कळेलच" असं म्हणतात. कळत नाही. गिरणीवाल्याला तोपर्यंत डबा घ्यायची परवानगी नसते.